आबाच्या दोन साखळ्या

मोजणीची तारीख कळली तेव्हा भुजंगच्या वावरात शाळू अजून उभा होता. कणसं भरून वाकली होती, पानं वाळून करकरत होती, पण काढणीला माणूस मिळत नव्हतं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेल्या बाया ज्याच्या त्याच्या रानात गुंतलेल्या. आणि शाळू उभा असताना मोजणी होणार नव्हती. खात्यातल्या माणसानं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, रान मोकळं ठेवा, नाही तर पुढची तारीख कधी मिळेल ते आम्हालाही सांगता यायचं नाही.

म्हणून भुजंगनं जालन्याला थोरल्या बहिणीला फोन लावला.

"अक्का, मोजणी आलीय. तुह्या नावचा तुकडा अलग काढायचाय. अन् येताना जुनं लुगडं आण. शाळू उपटायचाय."

झुंबरबाईला हसू आलं. भाऊ जमीन द्यायला बोलवत होता की रोजानं, ते तिला कळेना. पण तिनं त्याच दिवशी पिशवी भरली.

नवरा गेल्यापासून ती जालन्यात थोरल्या लेकाकडं, राधेश्यामकडं राहत होती. लेक सळईच्या कारखान्यात होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सून शीतल गुणाची होती, सासूच्या हाताला काम म्हणून लागू देत नव्हती, आणि तेच झुंबरबाईला सोसत नव्हतं. सगळा जन्म कुंभार पिंपळगावच्या शिवारात ढेकळं फोडण्यात गेलेला. तिथली थोडकी जमीन आता दीर कसत होता. इथं बाल्कनीत बसून खालच्या रिक्षा बघायच्या. हाताच्या घट्ट्यांची साल निघून तळवे मऊ पडले होते. ती ते तळवे एकेकदा उलटेसुलटे करून बघायची आणि तिला कुणा दुसऱ्या बाईचे हात बघितल्यासारखं वाटायचं.

वडीगोद्रीच्या फाट्यावर ती एसटीतून उतरली तर भुजंगचा लेक सोमेश्वर मोटरसायकल घेऊन उभा होता. आत्याची पिशवी त्यानं पुढं टाकीवर ठेवली. वाटेत कालव्याला पाणी चालू होतं. गार वारा अंगाला लागला तशी झुंबरबाईनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

"मोजणी कशापायी काढली रं तुह्या बापानं?" तिनं मागून विचारलं.

"आमच्या दोघा भावांच्या नावानं वाटणी करायचीय, आत्या. धाकटा पुण्याहून म्हणून राह्यला, एकदा करून टाका. तर दादा म्हणले, आधी अक्काचं काढायचं, मंग तुमचं. एकदा पोरांच्या नावावर गेलं की कोण देतंय."

बापाला तो दादाच म्हणायचा. झुंबरबाईला बरं वाटलं होतं, पण ते पुतण्याला मागं वळून दिसावं असं तिला वाटत नव्हतं.

तुकड्याची गोष्ट जुनीच होती. त्यांचा बाप, तातेराव, तरुणपणी मोजणी खात्याच्या माणसांबरोबर रोजंदारीवर साखळी ओढायला जायचा. गटवारीची मोजणी चालू होती त्या काळात अंबडपासून घनसावंगीपर्यंत त्यानं वावरंच्या वावरं साखळीनं ओढून काढली. पुढं ते काम सुटलं, पण तोंडातली साखळी सुटली नाही. घरापासून ओढा किती लांब, तर सहा साखळ्या. म्हशीचा दोर तोकडा पडला, तर साखळीचे दोन आणे कमी. पोरं आबा म्हणायची त्याला. झुंबरबाईचं लग्न ठरलं तेव्हा आबानं तिला आणि भुजंगला वावरात नेलं, उगवतीच्या बांधावर उभं केलं आणि मावळतीकडं हात करून सांगितलं, "ह्या बांधापासून दोन साखळ्या, वरपासून खालपर्यंत, झुंबरीच्या. कागद न्हाई, पण भुजंगा, तू ऐकलंस."

भुजंगनं ऐकलं होतं आणि तो विसरला नव्हता. झुंबरबाईनंही कधी मागितलं नव्हतं. नवऱ्याच्या घरी होतं तेवढ्यात भागत होतं, आणि भावाकडं जमीन मागायला गेलेल्या बहिणीला पुढं दिवाळीला कुणी बोलवत नाही, हे तिनं शेजारीपाजारी बघितलं होतं.

घरी पोचल्यावर भावजयीनं, सोनूबाईनं, पायावर पाणी दिलं, चहा दिला. चांगलीच बोलली. "तुमी आलात ते बरं झालं, अक्का. माझ्या कंबरंनं पार जवाब दिलाय." आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला तिघं रानात होती.

शाळू उपटणं म्हणजे मिजाशी माणसाचं काम नव्हे. वाकायचं, दोन-तीन धांडे बुडाशी मुठीत धरायचे, अंगाचा हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि धांडे मागं आडवे टाकायचे. पुन्हा वाकायचं. झुंबरबाईनं पहिली पाथ धरली आणि निम्म्यात येईतो मऊ पडलेल्या तळव्यांना फोड आला. तिनं पदराची चिंधी फाडून हाताला गुंडाळली. पानांच्या कडांनी कोपरापर्यंत ओरखडे निघाले. कणसांची कूस मानेवर पडून अंग खाजायला लागलं. तरी दुपारची भाकरी खायला सावलीत बसली तेव्हा तिला वाटलं, इतकी भूक जालन्यात एकदाही लागली नव्हती. तिनं ठेच्याशी तिसरी भाकरी मागून घेतली.

"अक्का, हळू धरा," सोनूबाई म्हणाली. "अजून लई शाळू हाय. पहिल्याच दिशी मोडून पडाल."

"मोडून पडले तर इथंच पडंन. तिथं जिन्यात पडण्यापरीस बरं."

सोनूबाई हसली. सगळं बरं चाललं होतं.

बिघडलं ते दुसऱ्या दिवशी. सोमेश्वर मोजायचा टेप आणि एक खुंटी घेऊन रानात आला. उगवतीकडचा शाळू तोवर पडला होता आणि बांधापासून विहिरीपर्यंतचं रान उघडं झालं होतं. मोजणीवाले येतील तेव्हा आपल्याला आधीच अंदाज असावा, असं त्याच्या मनात होतं. फोन हातात घेऊन तो बापाला म्हणाला, "दादा, एक साखळी म्हणजे सहासष्ट फूट. वीस मीटर अन् वर अकरा-बारा सेंटीमीटर. दोन साखळ्या म्हणजे चाळीस मीटर तेवीस सेंटीमीटर." आणि टेप ओढत, जागोजाग दगड ठेवत तो बांधापासून मोजत गेला.

तिघंही हातातलं काम थांबवून बघत होती. सोमेश्वर विहिरीच्या अलीकडच्या काठाशी आला, थांबला नाही. विहिरीला वळसा घालून पलीकडं गेला. आणखी बरंच पुढं जाऊन त्यानं खुंटी ठोकली. ठोकून झाल्यावर त्यानं मान वर केली, खुंटीकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि मग आईकडं.

विहीर झुंबरबाईच्या तुकड्यात गेली होती.

ती विहीर आबाच्या वेळी नव्हती. भुजंगनं अलीकडं पाडली होती. कालव्याच्या पाझरामुळं ती चैत्रातही तळ दाखवत नव्हती, आणि घरची सगळी मोसंबी तिच्यावर उभी होती. यारीनं वर काढलेला मुरूम सोनूबाईनं टोपल्यानं ओढून ओढून बांधाला टाकला होता. त्या उन्हाळ्यात तिची कंबर गेली ती गेलीच.

सोनूबाईनं विहिरीकडं एकदा बघितलं. तिनं डोक्याचा पदर सारखा केला आणि पुन्हा शाळूत वाकली. पण आता ती झुंबरबाईच्या शेजारची पाथ सोडून पार टोकाची पाथ धरून चालली होती.

भुजंग म्हणाला, "बराबर मोजलं का रं?"

"फोनमधी हेच दावलंय, दादा."

"हं," भुजंग म्हणाला, आणि तोही वाकला.

त्या दुपारी झुंबरबाईला भाकरी वाढली गेली, पण तिच्याकडं न बघता. पाणी मागितलं तर सोनूबाईनं घागर तिच्यापुढं सरकवून दिली आणि शेजारच्या रानातून आलेल्या बाईला मोठ्यानं सांगितलं, "घ्या बाई, तुमी बी प्या. इचारून घ्या मातर. इहिरीचं पाणी आता आमचं न्हाई राह्यलं." ती बाई कानकोंडी होऊन हसली. झुंबरबाईच्या तोंडात घास होता. तिनं तो पाण्याबरोबर गिळला.

तेवढ्यात राधेश्यामचा फोन आला. सोमेश्वरनंच त्याला आकडा कळवला होता, दोघं आतेमामेभाऊ एकमेकांना रोज मेसेज पाठवायचे.

"माय, इहीर आपल्याकडं येऊन राह्यलीय म्हणं?"

"तसं म्हणतेत."

"मंग नरम पडू नको. चाळीस मीटर म्हणजे चाळीस मीटर. मामा कायबी म्हणला तरी तू बोलू नको. मोजणीवाल्यांसमोर नुसतं दोन साखळ्या म्हण. बाकी ते करतेत."

"बरं," ती म्हणाली आणि फोन कमरेला खोचला.

खरं सांगायचं तर त्या 'बरं'मध्ये तिचं मनही थोडं होतं. दुपारभर वाकून वाकून शाळू उपटताना तिची नजर पुन्हा पुन्हा विहिरीकडं जात होती. स्वतःची विहीर. काठावर आपली मोटर, आपल्या हातानं कळ दाबायची. नवऱ्याच्या घरीही विहीर कधी तिची नव्हती, ती सासऱ्याची होती, मग दिराची झाली. दिवस मावळतीला लागेपर्यंत तिनं मनातल्या मनात मेथी, कांदा, लसूण, थोडा भुईमूग असं सगळं लावून टाकलं.

आणि तरीही काहीतरी सलत होतं. सहासष्ट फूट. आबाची साखळी तिनं पाहिली होती. मोजणीचा मुक्काम शेजारच्या गावात असला की आबा ती संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी आणायचा, आणि अंगणात पसरून पोरांना मोजायला लावायचा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळी खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेला एक आणा. ती आणि भुजंग मोठ्यानं मोजत पळायची. सोळाव्या आण्याला साखळी संपायची. बावीस हात, आबा म्हणायचा, बावीस हात सोळा आणे. हात तर दीड फुटाचा. तिनं धांडे आपटता आपटता मनाशी हिशेब केला, आणि तो तेहतिसावर येऊन थांबला. सहासष्ट काही केल्या होईना.

तिनं भुजंगकडं बघितलं. तोही तिच्याबरोबर पळत आणे मोजायचा. पण तो खाली मान घालून शाळू उपटत होता.

पुढचा दिवस पेंढ्या बांधण्यात गेला. सोनूबाई लांब खळ्याकडं कणसं मोडत बसली होती. भुजंग पेंढी बांधायला धांड्यांचा आळा वळायचा, झुंबरबाई पेंढी गोळा करून त्याच्यापुढं धरायची, तो गुडघा देऊन आवळायचा. बहीणभावाचं हे जुनं जमलेलं काम होतं, हातांना बोलावं लागत नव्हतं. बऱ्याच पेंढ्या झाल्यावर झुंबरबाई म्हणाली,

"भुजंगा, आबाच्या साखळीला आणे किती व्हते?"

भुजंगनं आळ्याला पीळ दिला. "आता काय ध्यानात राह्यतंय."

"किती व्हते?"

तो गुडघ्याखालची पेंढी आवळत राहिला. गरजेपेक्षा जास्तच आवळली, तशी तुटून आळा त्याच्या हातात आला.

"सोळा," तो म्हणाला.

"अन् हात?"

"बावीस."

"मंग ते पोरगं सहासष्ट फूट मोजून राह्यलं तवा तुह्या तोंडात काय मिठाची गुळणी व्हती?"

भुजंग खाली बसला. डोक्याचं टापरं काढून त्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"काय बोलू, अक्का? इतक्या सालानं तुला हाक मारून बोलावली. म्हणलं, घे बाई तुझं. अन् तू येऊन उभी राह्यलीस की म्हणायचं, न्हाई, आबाची साखळी आखूड व्हती? तू काय समजली असतीस? भावानं इहिरीसाठी बापाची साखळी निम्मी केली. त्यापरीस जाऊ दे म्हणलं इहीर."

"अन् सोनूबाई? तिनं मुरूम ओढलाय त्या इहिरीचा."

"तिला सांगायचंच धाडस न्हाई झालं."

झुंबरबाईला राग आला होता, तो कुणाचा तेच तिला ठरवता येईना. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मला बी ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "काल दुपारपासून. ठाऊक असून मी त्या इहिरीवर कांदा लावून बसले व्हते."

भुजंगनं तिच्याकडं बघितलं. मग त्याच्या मिशा हलल्या. "कांदा?"

"लसूण बी."

तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं ते दोघांनीही विचारलं नाही. हसण्याचा आवाज ऐकून सोनूबाई खळ्यातून उठून उभी राहिली. हातात विळा होता. ती तशीच ताडताड चालत आली.

"काय झालं एवढं खिदळायला?"

झुंबरबाईनंच सांगितलं. आबाची साखळी सहासष्टाची नव्हती, तेहतिसाची होती. दोन साखळ्या विहिरीपर्यंत पोचतच नाहीत. आणि हे दोघांनाही माहीत होतं.

सोनूबाई ऐकत राहिली. झुंबरबाईला वाटलं होतं, तिचं तोंड उजळेल. ते काही उजळलं नाही. तिनं विळा पेंढीवर टाकला आणि नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"मंग मला का जाळलं? काल दुपारपासून अन्नाची चव न्हाई मला. ह्या बाईला पाण्यावरून बोलले मी. दुसऱ्याच्या देखत बोलले. तुमी दोघं बहीणभाऊ एकमेकाचं मन राखून राह्यले, अन् मी मधी वाईट झाले." मग ती झुंबरबाईकडं वळली आणि तेवढ्याच रागानं म्हणाली, "अन् तुमी बी गप बसल्या. दोन शिव्या दिल्या असत्या मला."

"आता देते," झुंबरबाई म्हणाली. "बस खाली आधी. ऊन लागून राह्यलंय."

सोनूबाई बसली. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि झुंबरबाईचा हात ओढून घेतला, चिंधी सोडली, फुटलेला फोड बघितला. "तेल लावलं न्हाई काय? सांगता तरी यावं माणसाला," ती म्हणाली आणि उठून खळ्याकडं गेली ती तेलाची वाटी घेऊनच आली.

सोमेश्वरला सांगितलं तेव्हा त्यानं पुन्हा फोन काढला आणि कडुलिंबाखाली उभा राहून बराच वेळ वाचत राहिला. "हाय की, आत्या," तो म्हणाला. "साखळ्या दोन तऱ्हेच्या असत्यात. शंभर कड्यांची सहासष्टाची, अन् ही सोळा आण्याची तेहतिसाची. मी वरचं पहिलंच वाचलं व्हतं." त्यानं आकडा काढला. एक साखळी दहा मीटर आणि वर सहा सेंटीमीटर. दोन साखळ्या वीस मीटर बारा. तो गेला आणि पलीकडची खुंटी उपटून अलीकडं ठोकून आला. विहीर आणि खुंटी यांच्यात आता बैलगाडी फिरेल एवढी जागा होती.

राधेश्यामचा फोन आला तो संध्याकाळी, दिवस असतानाच. झुंबरबाई पेंढ्यांच्या बुचाडाला टेकून बसली होती.

"माय, निम्मं सोडून दिलंस?"

"सोडलं न्हाई रं. जेवढं व्हतं तेवढं घेतलं."

"कुणी सांगितलं आबाची साखळी तेवढीच व्हती म्हणून?"

"म्या. अन् तुह्या मामानं. तिसरं कोण जिवंत हाय?"

मग राधेश्याम म्हणाला, "मंग पाण्याचं काय?"

ते मात्र झुंबरबाईला ठाऊक नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

मोजणीच्या दिवशी खात्यातून एक तरुण बाई आणि तिच्याबरोबर एक शिपाई आला. तिच्याजवळ साखळी नव्हती, टेपही नव्हता. एक लांब काठी होती, तिच्या टोकाला पांढरं टोपण, आणि हातात पडदा असलेलं यंत्र. भुजंग अंघोळ करून, नवं टापरं बांधून आला होता. काय ओढायचं असेल तर आपण ओढू, अशा तयारीनं बाह्या वर सारून उभा होता.

"बाई, ह्यात ओढायचं काय न्हाई का?" त्यानं विचारलं.

"ओढायचं काही नाही, काका. आकाशातून मोजतं हे. पण तुम्ही असं करा, ही काठी धरा सरळ."

भुजंगनं काठी धरली. हललो तर मोजणी चुकेल म्हणून तो श्वासही बेतानं घेत होता. छाती पुढं, मान ताठ. झुंबरबाईला वाटलं, आबा असाच उभा राहत असेल साखळीचं टोक धरून, सायबापुढं.

दोन साखळ्या ऐकल्यावर मोजणीबाईला नवल वाटलं नाही. तिच्याकडच्या जुन्या नकाशाची मापंही साखळी आणि आण्यातच होती. "तेहतीस फुटाचीच," ती म्हणाली. "इकडच्या जुन्या मोजण्यांत तीच साखळी. आम्हाला रोज मीटर करत बसावं लागतं." वावराची लांबी अकरा साखळ्या निघाली, आबा सांगायचा तेवढीच. दोन रुंद, अकरा लांब, म्हणजे बावीस गुंठे.

"आता कागदावर गुंठा न्हाई म्हणं, आर लिहितेत," झुंबरबाईनं विचारलं. "गुंठ्याचं आर करताना माझं काय कमी व्हतं का, बाई?"

"कमी नाही, मावशी. आर गुंठ्यापेक्षा जरासा लहान असतो. तुमचे बावीस गुंठे म्हणजे बावीस आर, आणि वर सव्वीसेक चौरस मीटर."

"ते सव्वीस म्हणजे केवढं?"

मोजणीबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि हातानं हवेत चौकट काढली. "एक चांगली मोठी खोली होईल एवढं."

झुंबरबाई त्या चौकटीकडं बघत राहिली. "मंग झालंच," ती म्हणाली. "बावीस आर पिकाला. अन् ते वरचं मला ऱ्हायला."

भुजंगच्या हातातली काठी हलली. "काका, सरळ," मोजणीबाई ओरडली.

खुणांवर दगड रोवले गेले. बांध घालायचा की नाही यावर भुजंग म्हणाला, बहीणभावात बांध कशाला. सोनूबाई म्हणाली, "घाला. आज तुमी हाय, उद्या पोरं असतील. बांध नसला की तोंडं सुटत्यात." तीच फावडं घेऊन पुढं झाली. दगडापासून दगडापर्यंत दोरी लावून तिनं माती दोन्हीकडून सारखी ओढून घेतली, झुंबरबाईकडून जितकी तितकीच आपल्याकडून, आणि भुजंग बहिणीची बाजू सोडून आपल्याच बाजूची माती ओढायला लागला तेव्हा तिनं त्याला फावड्याच्या दांड्यानं हटकलं.

"पाण्याचं म्या ठरवीन," बांध दाबता दाबता तिनं जाहीर केलं. "ह्यांच्या हाती दिलं तर सगळी इहीर बहिणीच्या वावरात वतून देतील अन् माझी मोसंबी वाळंल. आठवड्यातून दोन पाळ्या तुमच्या, अक्का. दिवसा लाईट असंल तवा. मी कळ दाबीन, मीच बंद करीन. खर्च लागंल तो वाटून."

"बराबर हाय," झुंबरबाई म्हणाली. तिला ते मनापासून बरोबर वाटलं. मन मोडेल म्हणून कुणी काही राखून ठेवलं नव्हतं.

त्या महिन्यात ती जालन्याला गेली ती एकदाच, भांडी आणि अंथरूण आणायला. शीतल रडली. राधेश्यामनं तोंड फुगवलं, पण खोलीच्या पत्र्यांचं मीच बघतो म्हणाला, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन सोमेश्वरबरोबर खांब रोवून गेला. जाताना बांधावर उभं राहून त्यानं विहिरीकडं बघितलं, आणि मग मामीनं बांधून दिलेली मोसंबी मुकाट्यानं गाडीला अडकवली.

भुजंगनं ट्रॅक्टरनं तिचं रान रोटून दिलं. झुंबरबाईनं वाफे केले, सरळ, सगळे सारख्या रुंदीचे. मेथी टाकली, कोथिंबीर टाकली, कडेनं भुईमूग. कांद्याचं रोप मिळालं ते लावलं.

पहिल्या पाळीच्या दिवशी लाईट सकाळी आली. सोनूबाईनं कळ दाबली आणि मोटर घरघरली. पाईपातून आधी हवा, मग गढूळ, मग निवळ पाणी आलं. झुंबरबाई लुगडं गुडघ्यावर खोचून पाटात उभी राहिली. पाणी वाफ्यात शिरलं की तिकडचं दार मातीनं बुजवायचं, पुढचं उघडायचं. घोट्याशी गार पाणी, तळपायाखाली चिखल. हाताला आता नवे घट्टे धरले होते, फावडं सरकत नव्हतं. वाफ्यामागं वाफा भिजत गेला. उन्हं वर आली.

शेवटची ओळ राहिली होती, तेव्हा सोनूबाई मोटरीकडून येताना दिसली. पाळी संपली होती. ती कधी एका मिनिटानंही चुकायची नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. झुंबरबाईनं फावडं थांबवलं आणि वाट बघत राहिली. राहिलेली ओळ पुढच्या पाळीला भिजवू, तिनं मनाशी म्हटलं.

सोनूबाई बांधापाशी आली. कोरड्या ओळीकडं तिनं बघितलं. कमरेवर हात ठेवून ती थोडी थांबली, मग बांधावरचा एक गोटा पायानं सारून तिथं बसली आणि पाय लांब केले.

"मोटर?" झुंबरबाईनं विचारलं.

"चालू हाय," सोनूबाई म्हणाली. "एवढी ओळ जाऊ द्या की. कंबर दुखून राह्यलीय माझी, आत्ताच कुठं उठू परत."

झुंबरबाईनं शेवटचं दार फोडलं. पाणी एकदम आत घुसलं नाही, आधी ढेकळांत मुरलं, फुगलं, मग ओळीनं सरकत निघालं. दोघी जणी ते टोकाला पोचेपर्यंत बघत बसल्या.